फोटोवाल्याची शिदोरी



लग्नसमारंभाचे फोटो काढू पाहणाऱ्या तरुणांनो, कर्ज काढून भारी कॅमेरा घेऊ नका. जुना चालेल, पण दुसरी बॅटरी, दुसरे कार्ड आणि फ्लॅश जवळ हवाच. व्यक्तिचित्राला ५० मि.मी.चे, एफ १.८ भिंग पुरते. आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन उजेड कोठून येतो ते पाहा.

माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला आणि फोटोवाल्याची एकुलती बॅटरी संपली. अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही! मजुरीसाठी जन्मभर भांडलेला मी त्या पोराची मजुरी कापायला निघालो. लेखी काहीच नव्हते. तो बोलणार काय?

म्हणून मजुरी, विसार आणि फोटो देण्याची तारीख आधी कागदावर घ्या. हाती कॅमेरा असला, तरी तुम्ही कामगारच आहात.