एवढंही माहीत नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलायला बोलावलं तेव्हा संयोजक मैत्रीण म्हणाली, "फार तांत्रिक नको हं." मी हो म्हटलं खरं, पण थोडं तांत्रिक बोलावंच लागणार आहे. नवशिक्या बाईनं कच्चा, अर्धवट प्रश्न विचारला तर जाणत्या व्यक्तीनं तिला काय उत्तर द्यावं, एवढाच माझा विषय आहे. आणि त्यातली खरी गोम तांत्रिक तपशिलातच दडलेली असते.

मी जँगो शिकवते. वेबसाइट बांधण्यासाठीची ती एक तयार चौकट आहे, तिला फ्रेमवर्क म्हणतात. समजा एखाद्या बचत गटाला सभासदांची नोंद संगणकावर ठेवायची आहे. नावं कुठे साठवायची, पासवर्ड कसा तपासायचा, भरलेला फॉर्म कुठे पोचवायचा, हे सगळं दर वेळी मुळापासून लिहायची गरज नसते. चौकटीत ते आधीच करून ठेवलेलं असतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये या चौकटीचं काम सुरू झालं आणि २००५ च्या जुलैत ती सर्वांसाठी मोफत खुली झाली. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव तिला दिलेलं आहे. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला 'डी' येतो, पण तो उच्चारायचा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण वर्गात पहिलं हसू इथेच फुटतं. कुणीतरी "डी-जँगो" म्हणतं, मागून कुणी खुसकन हसतं, आणि ती बाई पुढचा तासभर तोंड उघडत नाही.

पण दुसऱ्यांच्या हसण्याबद्दल बोलण्याआधी माझं स्वतःचं सांगते. २०२२ साली मी संध्याकाळचा वर्ग घेत होते. दहा-अकरा वर्षं घर आणि मुलं सांभाळून पुन्हा शिकायला आलेली एक बाई त्यात होती. एका रात्री तिचा निरोप आला, "ताई, जँगो चालत नाही. काय करू?" सोबत पडद्याचा फोटो. त्यात वरच्या चार ओळी दिसत होत्या, खालचं सगळं कापलेलं. जँगो ज्या पायथन भाषेत लिहिलं जातं, तिच्यात काय चुकलं ते सगळ्यात शेवटच्या ओळीत येतं. नेमकी तीच ओळ फोटोत नव्हती. त्या दिवशी माझ्याकडे आलेला तो सातवा प्रश्न होता. मी लिहिलं, "आधी स्वतः शोधून बघा. एवढं तरी करा."

ती पुढच्या वर्गाला आली, गप्प बसून राहिली. त्यानंतर आली नाही.

पुढे तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीकडून कळलं की ती तीन संध्याकाळी एक व्हिडिओ लावून त्यातली ओळन् ओळ टंकत होती. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. तो धडाच जुना होता. वेबसाइटचे पत्ते लिहिण्यासाठी जँगोत पूर्वी 'यूआरएल' नावाची सोय होती. २०१७ च्या डिसेंबरात दुसरी आवृत्ती आली, तिच्यात 'पाथ' ही नवी सोय दिली. २०२१ च्या डिसेंबरात चौथी आवृत्ती आली आणि व्हिडिओत वापरलेली ती जुनी 'यूआरएल' काढूनच टाकली. हिच्या संगणकावर चौथी आवृत्ती होती आणि धडा होता पहिल्या आवृत्तीच्या काळातला. चौकटीला आवृत्त्या असतात हेच जिला कुणी सांगितलेलं नाही, ती आवृत्तीबद्दल शोधणार तरी काय?

मी तिला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "नाही ताई, तुमचं बरोबरच होतं. मला हे जमण्यातलं नाही." माझ्या एका ओळीवर तिनं एवढा विश्वास ठेवला होता. ती परत आली नाही.

तेव्हापासून "काहीही न शोधता विचारलंय" असं म्हणायची मला भीती वाटते. न शोधलेल्या दिसणाऱ्या प्रश्नांत निदान तीन जाती असतात. एकीनं शोधलेलं असतं, पण चुकीच्या किंवा जुन्या जागी. दुसरीला त्या गोष्टीचं नावच माहीत नसतं, त्यामुळे शोधायला शब्दच नसतो. आणि तिसरीनं खरोखरच काही केलेलं नसतं, तिला काम आयतं करून हवं असतं. तिसरी जातही असते, हे नाकारू नका. पण प्रश्नाच्या चेहऱ्यावरून तिन्ही सारख्याच दिसतात.

एरिक रेमंड या प्रोग्रॅमरनं २००१ मध्ये प्रश्न हुशारीनं कसे विचारावेत यावर एक मोठा लेख लिहिला. तो आजही नवशिक्यांच्या हातात ठेवला जातो. आपण काय करून पाहिलं ते सांगा, संगणकाचा संदेश जसाच्या तसा द्या, ही त्यातली मागणी रास्तच आहे. अडचण अशी की तसा प्रश्न विचारायला अर्धं उत्तर आधी ठाऊक असावं लागतं. म्हणजे विचारणं हेही शिकवावं लागतं, आणि ते उत्तर देता देताच शिकवता येतं.

कसं ते सांगते. परवा एकीनं विचारलं, "सभासदांचं पान उघडलं की पिवळं काहीतरी येतं." मी "मायग्रेट चालव" एवढं सांगून मोकळी झाले असते. त्याऐवजी म्हटलं, "त्या पिवळ्या पानावर सगळ्यात वर काय लिहिलंय ते वाच." तिनं वाचलं, "नो सच टेबल." म्हणजे असा तक्ता नाही. मग सांगितलं, "तू तक्ता कसा असावा ते लिहिलंस, पण प्रत्यक्ष वहीत तो अजून आखलाच नाहीस. आखण्याच्या कामाला मायग्रेशन म्हणतात. जँगोच्या स्वतःच्या पाठमालेत दुसऱ्या भागात ते आहे. तिथे बघ आणि मला सांग." वीस मिनिटांनी तिचं पान उघडलं. आता तिच्याकडे एक शब्द आहे, एक जागा आहे, आणि संदेश वाचायची सवय लागते आहे.

म्हणून मी तीन गोष्टी विचारते: काय करत होतीस, संदेशात नेमकं काय लिहिलंय, आवृत्ती कोणती. आणि कीबोर्डला हात लावत नाही. तो तिच्याच हाताखाली राहिला पाहिजे.

हे मी एकटीनं शोधलेलं नाही. २०१४ च्या जुलैत बर्लिनला ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोन पोलिश तरुणींनी 'जँगो गर्ल्स' ही बायकांसाठीची मोफत कार्यशाळा सुरू केली. साधारण तिघींमागे एक शिकवणारी असते, आणि त्यांची पाठमाला इंटरनेट म्हणजे काय इथपासून सुरू होते. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये तर नियमच आहे, की "काय? तुला हे माहीत नाही?" असं खोटं आश्चर्य दाखवायचं नाही.

आता उत्तर देणारीची बाजू. ही उत्तरं बहुधा त्याच दोघी-तिघी देतात, नोकरी आणि स्वयंपाक आटपल्यावर, रात्री, बिनपगारी. आपल्याकडे बायकांचा हा वेळ कुणी मोजत नाही, म्हणून आपण तो मोजायला हवा. एकदा दिलेलं उत्तर नीट लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच द्या. मागच्या महिन्यात शिकलेलीला आधी उत्तर देऊ द्या, ती कुठे अडली होती हे तिला अजून आठवतं. "आज दमले आहे, उद्या बघते" हेही प्रामाणिक उत्तर आहे. "तुझा प्रोजेक्ट मी करून देणार नाही" हेसुद्धा. झिडकारणं मात्र उत्तर नव्हे.

आता बऱ्याच जणी असे प्रश्न यंत्रालाच विचारतात. ते रात्री बारालाही वैतागत नाही, हे बरंच आहे. पण तेही कधी कधी जुन्या आवृत्तीचं उत्तर अगदी ठामपणे देतं. तेव्हा संदेश वाचणं आणि आवृत्ती विचारणं यातून सुटका नाही.

तुमच्यापैकी कित्येक जणी उद्या आपल्या गटाची नोंदवही संगणकावर नेतील, कुणाला तरी कच्चा प्रश्न विचारतील, आणि वर्षभरात कुणीतरी तुम्हाला विचारेल. त्या वेळी शेवटची ओळ कापलेला फोटो आला, तर एवढंच लिहा: "बाई, खालची ओळ दिसत नाहीये. ती पाठव, मग बघू."