भरडलेला दाणा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाची, तत्त्वज्ञानाची, काव्याची चर्चा व्हायची. तेथे कण्यांचे काय काम, असे आजचा विषय वाचून काही मंडळींच्या मनात आले असेल. परंतु आपण काय खातो आणि काय खायचे सोडून देतो, यामागे शेती, अर्थ आणि समाज ही तिन्ही उभी असतात. म्हणून हा विषय मुद्दाम घेतला आहे.

आपल्या अमरावती-अकोल्याच्या दुकानांत हल्ली 'स्टील कट ओट्स'चे डबे मिळतात. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे. ओट हे थंड मुलखातले धान्य. त्याचे टरफल काढून आतला दाणा पोलादी पात्याने दोनतीन तुकड्यांत कापला, की हे ओट्स झाले. दुसरा प्रकार आपल्या पोह्यांसारखा, वाफवून रुळाखाली चपटा केलेला. तो काही मिनिटांत शिजतो; तुकड्यांना मात्र अर्धा तास लागतो. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज पंडिताने १७५५ च्या आपल्या कोशात ओटचा अर्थ देताना, स्कॉटलंडच्या लोकांच्या या अन्नाची घोड्याच्या चंदीशी सांगड घालून थट्टा केली होती. स्कॉटिश माणसाने त्या थट्टेपायी आपली पेज सोडली नाही. आज तेच अन्न जगभर मानाने विकले जाते.

कापलेला ओट आणि भरडलेली ज्वारी ही सख्खी भावंडे आहेत. वऱ्हाडातल्या घरोघरी ज्वारीला पाण्याचा हात लावून, घटकाभर झाकून, मग ती जात्यावर भरडीत असत. चाळणीखाली पडे ते पीठ भाकरीला जाई. सुपातून उडे तो कोंडा गुरांना जाई. उरत त्या कण्या. दाण्याचा कणभरही अंश वाया जात नसे.

त्या शिजवण्याची रीत सोपी आहे. एक वाटी कण्या धुऊन तासदोन तास भिजत घालाव्या. चार वाट्या पाण्याचे आधण ठेवावे, मीठ घालावे, कण्या वैराव्या आणि मंद आचेवर झाकण ठेवून अर्धा तास शिजू द्याव्या. मधूनमधून ढवळावे, नाहीतर तळाशी लागतात. दाणा बोटांत दाबला असता मऊ लागावा, पण त्याचा लगदा होऊ नये. वर ताक घ्यावे, लसणाची फोडणी द्यावी. अंबाडीच्या भाजीत कण्या शिजवल्या तर भाजीचा आंबटपणा सौम्य होतो आणि भाजी मिळून येते. ही जोडी केवळ चवीची नव्हे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा आवश्यक घटक कमी असतो. ताक आणि डाळ ती उणीव भरून काढतात. ज्यांनी ओट्सचा डबा आणलाच असेल, त्यांनीही तो याच कृतीने शिजवून पाहावा.

आता भाजण्याविषयी. गव्हात ग्लुटेन असते. त्याच्या चिकाटीने पाव फुगतो. ज्वारीत ते नाही, म्हणून नुसत्या कण्यांचा पाव होणार नाही. तसा हट्टही धरू नये. आपल्या रोडग्याचे उदाहरण पाहा. त्याला गव्हाचे पीठ जाडसरच लागते, मोहन सढळ लागते आणि गोवऱ्यांचा निवत आलेला विस्तव लागतो. तेव्हा तो आतून खुसखुशीत होतो. तोच धडा कण्यांना लावावा. त्या रात्रभर दह्यात भिजवाव्या. सकाळी बेसन, मिरची, कोथिंबीर आणि तेल घालून, जाड बुडाच्या कढईत झाकून किंवा भट्टीत मंद आचेवर भाजाव्या. वडी चांगली उतरते.

मग इतके चांगले अन्न मागे का पडले? पहिले कारण श्रमाचे आहे. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बाईला त्यात काव्य दिसत नव्हते. तिची सुटका झाली हे उत्तमच झाले. तिला पुन्हा जात्यावर बसवावे असे कोणी म्हणू नये. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. कण्या म्हणजे गरिबाचे खाणे, हा समज जुनाच होता. त्यात १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो लोकांच्या जिभेवर राहिली, आणि ज्वारीच्या नावाला अभावाची आठवण चिकटली.

तिसरे कारण शेतातले आहे. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आले, १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले; ज्वारीवर संशोधन झाले, उतारा वाढला. तरीही कापूस आणि सोयाबीन यांच्यापुढे ज्वारी हटत गेली. परतीच्या पावसात सापडले की खरिपाचे कणीस काळे पडते. पाखरे आणि रानडुकरे वेगळीच. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही. पण ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की दावणीचे जनावर जाते, आणि जनावर गेले की कण्यांवरचे ताकही विकत आणावे लागते. गमावलेल्या या वस्तूंची बेरीज कोणत्याही बाजारभावात दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. समारंभ झाले, भाषणे झाली. परंतु शेतकरी भाषणासाठी पेरत नाही, गिऱ्हाइकासाठी पेरतो. ते गिऱ्हाईक या मंडपात बसले आहे. आपल्या गल्लीतल्या गिरणीवाल्याला आठवड्यातून एक दिवस ज्वारी भरडून द्यायला सांगा. दहा घरे मिळून सांगाल तर तो नाही म्हणणार नाही. नवी ज्वारी निघाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतेभर घ्या. आणि घरी पाहुणा आला की कण्या लपवू नका, पहिल्या पानावर वाढा.

दुसऱ्या मुलखाच्या कण्या आपण डब्याचे दाम मोजून आणतो, त्यात वाईट काही नाही. पण त्यांना मिळालेला मान त्यांच्या माणसांनी मिळवून दिला, हे ध्यानात ठेवावे. वऱ्हाडच्या दाण्यासाठी ते काम आपल्यालाच करावे लागेल.