घरच्या संगणकाचे दरवाजे

लोहगड चढणाऱ्यास गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागतात. संगणक लोणावळ्यास घरीं ठेवून लोकलनें पुण्यास कामाला जाणाऱ्या गृहस्थासही दुरून तो चालवूं जातां असेच पहारे आडवे येतात. एक फायरवॉल संगणकाची, दुसरी राऊटरची. शिवाय कित्येक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांस वांटून देतात. मग बाहेरून घातलेली हांक नेमक्या घरीं पोंचावी कशी?

कांहीं जण राऊटरांत ३३८९ क्रमांकाचें द्वार सरसकट उघडून मोकळे होतात. विंडोज दुरून चालविण्याचें तें ठरीव द्वार, हें जगांतल्या चोरांस पाठ आहे! परवलीचा शब्द सोपा असला, कीं घरचे हिशेब आणि छायाचित्रें गेलींच म्हणावीं.

शहाणपणाचा मार्ग उलटा आहे. पहारेकरी बाहेरून येणाऱ्यास अडवितो; आंतून निघालेल्यास, व त्याला आलेल्या उत्तरास, सहसा जाऊं देतो. म्हणून घरच्या संगणकानेंच बाहेरच्या एखाद्या विश्वासाच्या यंत्रापर्यंत एसएसएच किंवा वायरगार्डचा बोगदा खणून ठेवावा आणि गृहस्थानें पुण्याहून त्यांतूनच घरीं शिरावें. खाजगी किल्ली मात्र कोणाच्या हातीं देऊं नये.

मावळांत पावसाळ्यांत वीज गेली, तर ती येतांच संगणक आपोआप सुरू होईल अशी तजवीजही आधींच हवी. नाहीं तर किल्ली खिशांत असूनही पलीकडे कोणी जागें नसावयाचें.