एका खिडकीमागे एकच माणूस



सोमवारची ओपीडी. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांपुढची रांग सरकते तशी औषधांच्या खिडकीपुढची वाढत जाते. आतले औषध निर्माण अधिकारी, म्हणजे फार्मासिस्ट, केसपेपर वाचतात, पट्टी कापतात, ‘ही जेवणानंतर, ही झोपताना’ असं सांगतात आणि नोंद करतात. रांग ओसरली की दुसरं काम सुरू. ई-औषधी या संगणक प्रणालीवर साठा चढवायचा, मागणीपत्र करायचं, मुदत जवळ आलेली खोकी पुढे ओढायची. बऱ्याच केंद्रांत लसींचा फ्रिजही त्यांच्याच गळ्यात असतो. त्याचं तापमान २ ते ८ अंशांतच राहायला हवं, आणि ते सकाळ-संध्याकाळ लिहूनही ठेवायला हवं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणणारं ऑक्सिटोसिन उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर त्याचा गुण उतरतो. कुपीकडे बघून मात्र ते कुणालाही कळत नाही.

हा माणूस रजेवर गेला तर?

देशाच्या ग्रामीण भागात अशी सुमारे २५ हजार केंद्रं आहेत. सपाटीवर ३० हजार लोकवस्तीला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना एक, असा त्यांचा हिशेब. २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी अशा केंद्राला एक फार्मासिस्ट आवश्यक धरला. ओपीडी चाळीसची असो की दीडशेची, पद एकच. कागदावर ही समान वाटणी दिसते. प्रत्यक्षात ती इमारतींची वाटणी आहे, कामाची नव्हे. शिवाय पद रिक्त राहिलं की शेजारच्या केंद्रातल्या माणसाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ जातो आणि एरवी खिडकी परिचारिका सांभाळतात.

कायदा याबाबत मोघम नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. सरकारी दवाखान्याला औषधविक्रीचा परवाना लागत नाही, पण औषध पात्र व्यक्तीच्या देखरेखीखालीच दिलं जावं, ही अट त्यालाही आहे. बिहारमध्ये बनावट फार्मासिस्ट रुग्णालयांत आणि औषध दुकानांत काम करतात, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सुनावलं, की असं होऊ न देणं हे राज्य सरकारचं आणि फार्मसी कौन्सिलचं कर्तव्य आहे.

मग देशात फार्मासिस्टांचा दुष्काळ आहे का? मुळीच नाही. दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचं प्रशिक्षण घेऊन मुलंमुली दरवर्षी बाहेर पडतात. कॉलेजं इतकी झाली, की फार्मसी कौन्सिलने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली. त्या बंदीतून ईशान्य भारत वगळला होता आणि पन्नासहून कमी कॉलेजं असलेली राज्यंही. म्हणजे कुठे गर्दी आणि कुठे वानवा, हे कौन्सिलला पक्कं ठाऊक होतं. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. माणसं आहेत, सरकारी दवाखान्यांत त्यांच्यासाठी पदं नाहीत, किंवा आहेत ती भरलेली नाहीत.

औषधांची वाटणी मात्र पुष्कळ सुधारली. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, जिल्ह्यांत गोदामं उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. रुग्णालयाने आपल्या वाट्याच्या रकमेतून हवं ते औषध उचलायचं. महाराष्ट्रात खरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. गोळ्यांसाठी एवढा खटाटोप झाला. गोळ्या देणाऱ्या माणसाचा विचार मात्र जुन्याच तक्त्यावर चालू राहिला.

आणि गोळ्या आता या माणसाच्याही पुढे गेल्या आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रात १०५ औषधं ठेवायची, प्राथमिक केंद्रात १७२. उपकेंद्रात फार्मासिस्ट नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या तिथे समुदाय आरोग्य अधिकारी देतात. लोकसंख्येच्या निकषाने पाहिलं तर सपाटीवरच्या एका केंद्राखाली सहा उपकेंद्रं येतात, आणि त्यांची मागणीपत्रं त्या एकाच औषध निर्माण अधिकाऱ्यांच्या टेबलावर. पदांचा तक्ता पुन्हा आखताना रोजची ओपीडी आणि खालची उपकेंद्रं मोजायला हवीत. ते होईपर्यंत तालुक्याला एक फिरता फार्मासिस्ट नेमला, तरी रजेच्या दिवसांचा प्रश्न बराचसा सुटेल.