बहिष्कृत दिग्दर्शकाने वठविलेला फितूर



जूल्स दासां या नावामुळे अनेकांनी त्यांना फ्रेंच मानले. वस्तुतः त्यांचा जन्म १९११ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, रशियातून आलेल्या एका ज्यू नाभिकाच्या घरी झाला. तरुणपणी न्यूयॉर्कच्या यिद्दिश कामगार रंगभूमीवर ते नट म्हणून वावरले. त्याच सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९३९ मध्ये बाहेरही पडले. पुढे हॉलिवूडमध्ये 'ब्रूट फोर्स' (१९४७) या तुरुंगपटाने त्यांचे नाव झाले. 'द नेकेड सिटी' (१९४८) मध्ये त्यांनी कॅमेरा स्टुडिओबाहेर काढून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर नेला. शहरातील दारिद्र्य आणि वैभव शेजारी-शेजारी दाखविणारे तुकडे मात्र मालकांनी कापले, अशी त्यांची तक्रार होती.

१९५१ साली 'अमेरिकाविरोधी' कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे एडवर्ड दिमित्रिक आणि फ्रँक टटल या दोन दिग्दर्शकांनी त्यांचे नाव घेतले. पक्ष सोडून बारा वर्षे लोटली होती. पण त्याची दखल कोण घेणार? दिमित्रिक स्वतः समितीला उत्तर नाकारून तुरुंगात गेलेल्या दहांपैकी एक होते, ही त्यातली विशेष वेदनेची बाब. दासां यांच्यावर ना खटला, ना शिक्षा. काम तेवढे मिळेनासे झाले. १९५३ मध्ये ते फ्रान्सला गेले, तर तेथेही एक चित्रपट चित्रीकरणाच्या तोंडावर हातून गेला. अमेरिकेत तो कोणी लावणार नाही, हे निर्मात्यांचे भय! काळ्या यादीला पारपत्र लागत नव्हते.

अखेर १९५५ साली, अल्प भांडवलात, 'रिफिफी' निघाला. जवाहिराच्या दुकानातील दरोड्याचा त्यातील सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग संवाद आणि संगीत यांवाचून घडतो. चोरीकडे दासां कारागिराच्या दृष्टीने पाहतात: छतातून पडणारा चुना आवाज करू नये म्हणून भोकातून खाली सोडून उलटी उघडलेली छत्री, थोपविलेले श्वास. त्या वर्षी कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार त्यांना विभागून मिळाला.

पण अधिक बोलके आहे ते दुसरेच. टोळीतील तिजोरीफोड्या सेझार याची भूमिका दासां यांनी 'पेर्लो व्हिता' या टोपणनावाने स्वतः केली. हा सेझार दबावाखाली साथीदाराचे नाव सांगतो. म्होरक्या त्याला खांबाला बांधलेल्या स्थितीत गाठतो; त्याच्याविषयीची आपुलकी बोलून दाखवतो आणि गोळी घालतो. ज्याचे नाव इतरांनी सांगितले, त्याने नाव सांगणाऱ्याचा मुखवटा चढवावा आणि त्याला राक्षस न करता भेदरलेला माणूस करावे, हे सूडबुद्धीच्या कलावंताला जमणारे नव्हे.

'नेव्हर ऑन संडे' (१९६०) मध्येही ते पडद्यावर आले. ग्रीक वेश्येला तत्त्वज्ञान शिकवू पाहणारा बावळट अमेरिकन त्यांनी रंगविला. नायिका मेलिना मर्कूरी पुढे त्यांची पत्नी झाली. १९६७ साली ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा तिचे नागरिकत्व हिरावले गेले. अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधील विद्यार्थ्यांच्या १९७३ च्या उठावावर दासां यांनी 'द रिहर्सल' हा चित्रपट रचला. तो लोकांपुढे येण्याआधीच, जुलै १९७४ मध्ये, ती राजवट कोसळली आणि ते दोघे अथेन्सला परतले.