कॉलरवरील मायक्रोफोन आणि भोंवतालचा गोंगाट

मनुष्याचा कान व मायक्रोफोन हे दोघेहि ऐकतात. पण दोघांच्या ऐकण्यांत मोठें अंतर आहे. भर बाजारांतहि मनुष्य ओळखीच्या माणसाचें बोलणें नेमकें टिपतो, कारण दोन कानांनीं आलेल्या कल्लोळांतून हवें तें निवडण्याचें काम त्याचा मेंदू अखंड करीत असतो. या निवडीसंबंधींचे प्रयोग कॉलिन चेरी यांनीं १९५३ मध्यें प्रसिद्ध केले. मायक्रोफोनला मात्र ही निवड साधत नाहीं. वक्त्याचा शब्द, पंख्याची घरघर व रस्त्यावरील मोटारीचा भोंगा या तिघांसहि तो सारखाच मान देतो.

हल्लीं चलच्चित्रणासाठीं कॉलरला अडकविण्याचा बिनतारी मायक्रोफोन घरोघर आला आहे. तार गेली म्हणजे गोंगाटहि गेला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. बिनतारी योजनेनें वक्त्याला मोकळेपणानें हिंडतां येतें, इतकेंच. लहरींच्या वाटेंत अडथळा आला तर आवाज मध्येंच तुटतो. पण पंख्याची घरघर त्या वाटेनें येत नाहीं. ती शब्दाबरोबर मायक्रोफोनच्या तोंडांतूनच शिरते.

या मायक्रोफोनांतील इलेक्ट्रेट जातीचा पडदा गेरहार्ट सेसलर व जेम्स वेस्ट यांनीं १९६२ मध्यें बेल प्रयोगशाळेंत सिद्ध केला. वक्त्यानें मान वळविली तरी शब्द पडूं नये, म्हणून कॉलरवरील मायक्रोफोन बहुधा सर्व दिशांनीं ऐकणारा असतो. हा त्याचा गुण, आणि हाच दोष! एका दिशेकडे कल असलेले मायक्रोफोनहि मिळतात. परंतु वारा व वस्त्राची सळसळ त्यांना अधिक बाधते.

खरा उपाय अंतराचा आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबेलनें उतरतो. मुखापासून २० सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन ४० सेंटिमीटरवर नेला तर शब्द तितका उतरतो. दूरच्या पंख्याची घरघर मात्र जवळजवळ होती तेवढीच राहते. मग शब्दासाठीं यंत्राचा जोर वाढवावा, तर घरघरहि वाढते. जोर आपोआप बदलणारी योजना चालू असल्यास वक्ता क्षणभर थांबतांच त्या शांततेंत गोंगाट उसळून वर येतो. म्हणून मायक्रोफोन हनुवटीखालीं वीतभर अंतरावर असावा, वाऱ्यांत त्यावर फोमची किंवा केसाळ टोपी असावी, आणि पंखा व खिडकी बंद असावी.

गोंगाट गाळणारीं साधनें आज आहेत. एकसुरी घरघर तीं पुष्कळ कमी करतात; पण शब्द व गोंगाट एकाच स्वरपट्टींत मिसळले असतां गोंगाटाबरोबर शब्दाची धारहि जाते.

महाराष्ट्रांत हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह केला. ओवीमागील जात्याची घरघर कोणी गोंगाट म्हणणार नाहीं. ती ओवीची सोबतीणच आहे. शेजारच्या घरांतील टेलिव्हिजनचा आवाज मात्र परका. आपलें कोणतें व परकें कोणतें हें यंत्राला ठरवितां येत नाहीं. तें मुद्रण करणाऱ्यानेंच ठरवावयाचें. त्याकरितां आरंभापूर्वीं अर्धा मिनिट कानाला श्रवणयंत्र लावून, डोळे मिटून, मायक्रोफोन काय ऐकतो तें ऐकावें. पंखा घटकाभर बंद ठेवल्यानें फारतर घाम येईल. पण वृद्ध आजीबाईंच्या कंठांतील ओवी एकदां घरघरींत बुडाली, तर ती पुन्हां म्हणावयास त्या असतीलच असें नाहीं.