बाहेर थांबा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मंडळानं पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘गरोदरपणातील भावनिक व सामाजिक समस्या’. हिमोग्लोबिन किती हवं, वजन किती वाढायला हवं, लोहाची गोळी चहाबरोबर का घेऊ नये, यात मी आज शिरणार नाही. ते सांगायला आशाताई तुमच्या दारापर्यंत येतात. मी 31 वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, आधी उपकेंद्रात आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. त्या 31 वर्षांतून एकच गोष्ट मुठीत धरून इथे आले आहे, ती आधीच सांगून टाकते. गरोदर बाईला तपासणीच्या वेळी पाच मिनिटं एकटीला भेटा. सासू नको, नवरा नको, तिची आईसुद्धा नको. एक पडदा लावा, एक खुर्ची ठेवा आणि तिला विचारा, तू कशी आहेस? बाळाचं नंतर विचारा. आधी तिचं.

पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, एवढंच? ऐकलं मी. (हशा) हो काकू, एवढंच. पण हे एवढंच 31 वर्षांत मला फार थोड्या वेळा जमलं.

गरोदर बाईच्या हातात आपण एक कार्ड देतो. मी हजारोंनी भरली आहेत ती कार्डं. नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख, कितवं गरोदरपण, जिवंत मुलं किती, वजन, रक्तदाब, लघवीतली साखर, पायांवरची सूज, बाळाचे ठोके. फार उपयोगी आहे ते कार्ड, त्यानं जीव वाचले आहेत. पण माझ्या हाताखालून गेलेल्या कार्डांवर, रात्री झोप लागते का, रडू येतं का, घरात कुणी मारतं का, हे लिहायला जागा नव्हती. आणि जे लिहायला जागा नसते ते विचारायची सवय जाते. मी माझ्याबद्दलच सांगते आहे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे बाईला विचारायची रीत होतीच की, डोहाळे पुरवायची. खरं आहे. डोहाळे हा शब्द दोहद या संस्कृत शब्दावरून आला. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दौहृदिनी म्हटलं आहे, दोन हृदयांची बाई. किती सुंदर कल्पना! तिची इच्छा पुरवावी असंही तिथे सांगितलं आहे. पण का पुरवावी? न पुरवली तर मूल व्यंग घेऊन जन्मतं म्हणून. म्हणजे तेव्हाही विचारायचं ते बाळासाठी. आज पुस्तकं निघतात, वर्ग चालतात, आणि गर्भवतीला बजावलं जातं, आनंदी राहा, तुझ्या मनात येईल तसं बाळ होईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण जिला रोज सकाळी उठून रडू येतं तिनं हे ऐकलं की काय होतं? ती आधी नुसती दुःखी होती, आता गुन्हेगारही झाली. बाळाचं वाटोळं आपल्या रडण्यानं होणार, असं तिला वाटायला लागतं. मग ती रडणं लपवते. लपवलेलं रडणं आम्हाला दिसत नाही, आणि आम्ही लिहितो, प्रकृती उत्तम.

आता मी एका मुलीबद्दल सांगते. दोन मिनिटांत सांगणार होते, पण सुरुवात केली की मला थांबता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या. नाव सांगत नाही.

वय वीस-एकवीस. दुसरं गरोदरपण. कार्डावर जिवंत मुलं या रकान्यात शून्य. तिच्याबरोबर नेहमी सासूबाई यायच्या. मी विचारायची, जेवण जातं का? सासूबाई सांगायच्या, जातं की, दोन भाकरी खाते. झोप लागते का? लागते तर काय, घोरते! (हशा) मी हसायची, तुम्ही आत्ता हसलात तशीच. मुलगी खाली मान घालून पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि सोडायची.

सातव्या महिन्यात एकदा मी सासूबाईंना म्हटलं, काकू, बाहेर रांग लागली आहे, औषधाच्या खिडकीशी थांबता का? त्या गेल्या. मुलीनं पिशवीतून एक डबी काढली, कुंकवाची असते तेवढी. झाकण उघडून माझ्यासमोर धरली. आत तुरीचे दाणे. मला काही कळेना. म्हणाली, सिस्टर, बाळ हाललं की एक दाणा टाकते. परवा एकोणचाळीस होते, काल बत्तीस. सात कमी झाले.

रात्री ती भिंतीला टेकून बसायची. दिवा लावला तर बाकीच्यांची झोप मोडते, म्हणून अंधारात बोटानं दाणे मोजायची. सासूबाईंना वाटायचं, पोरीला चाळा लागला आहे. पहिलं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तिला ते कुणी दाखवलं नाही. ती शुद्धीवर येऊन घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर घरात त्याचा शब्द नाही. तो मुलगा होता, हेसुद्धा तिला शेजारणीकडून कळलं.

मी ठोके ऐकले. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला 140. तिलाही नळी कानाला लावून ऐकवले. आणि मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, असला विचार करू नकोस बाई, बाळावर परिणाम होतो.

हेच म्हणाले मी. आत्ता ज्याच्याबद्दल तुम्हाला सांगत होते, तेच वाक्य.

तिनं डबीचं झाकण लावलं. पुढच्या तपासणीला मी विचारलं, कशी आहेस, तर म्हणाली, छान वाटतं आता. पदराला गाठ मारत होती.

मुलगी झाली, पावणेतीन किलोची, जन्मताच रडली. सगळं नीट. पण आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. सव्वा महिना झाला तरी तशीच. पाजायला दिली की पाजायची आणि परत द्यायची. घरच्यांनी दृष्ट काढली, उतारे टाकले. मला उमगून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे न्यायला तिसरा महिना उजाडला. औषधानं आणि बोलण्यानं ती सावरली. पोर बसायला लागली तेव्हा आई तिच्याशी बोलायला लागली होती. पण ते महिने त्या दोघींचे गेले, आणि डबी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

मागून एक ताई हात वर करताहेत. बोला ना. … त्या म्हणताहेत, दर वेळी सासूच कशी वाईट? नाही ताई, मी तसं म्हटलेलं नाही. त्या सासूबाई शेवटपर्यंत सुनेबरोबर आल्या, जिल्ह्यालाही आल्या. तिथल्या बाकावर बसून मला म्हणाल्या, माझी दोन गेली, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी खुरपायला गेले होते, मला कोण विचारणार होतं? ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांना विचारायचं कसं ते कळत नाही. म्हणून तर मी पडदा मागते आहे. त्यात सासूला दोष नाही, सुनेला जागा आहे. (टाळ्या)

गोव्याचा एक अभ्यास आहे, तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात गरोदर बायकांना भेटायला सुरुवात केली आणि बाळंतपणानंतरही भेटत राहिले. 2002 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांना नैराश्य होतं. आणि त्यांतल्या 78 टक्के बायकांना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. बाळंतवातानं झालं, बाहेरचं लागलं असं आपण म्हणतो, पण ते आधीपासून असतं, आपल्या समोरच्या खुर्चीवर बसलेलं असतं. त्रास कुणाला जास्त, तेही त्यांनी पाहिलं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी होणं.

मुलगी होणं! इथे मला डोहाळजेवणाबद्दल बोलायचं आहे. झोपाळा बांधा, फुलांचे दागिने घाला, धनुष्यबाण द्या हातात, मला सगळं आवडतं. पण त्या झाकलेल्या दोन वाट्या आता बंद करा. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. … हो आजी, गंमत असते, मला मान्य आहे. पहिलटकरणीला गंमतच असते. पण जिला दोन मुली आहेत तिच्यासमोर त्या वाट्या ठेवल्या की तिचा हात बघा. मी बघितला आहे. सगळ्या जणी गाणं थांबवून तिच्या बोटांकडे बघत असतात. गर्भलिंग सांगितलं म्हणून डॉक्टरला तुरुंगात टाकणारा कायदा महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा, 1988 मध्ये केला. तरी 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. त्या वाट्यांनी मुली मारल्या असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाची बाईला नऊ महिने धास्ती असते, तोच आपण तिला नटवून, चारचौघींत विचारतो.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मग ऊसतोडीच्या बायकांबद्दल भरभर सांगते, खरं तर त्यांच्यासाठी एक अख्खं व्याख्यान हवं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीवर. बाई बसली तर कोयता मोडतो, खाडा पडतो, पैसे कापले जातात. म्हणून आठव्या महिन्यातही ती डोक्यावर मोळी घेऊन गाडीपर्यंत जाते. दिवाळीच्या सुमाराला ती गाव सोडते आणि उन्हाळ्याला परतते. तिचं कार्ड गावच्या पेटीत राहतं, पोट कारखान्याच्या फडावर वाढतं. नोंद करणारी सिस्टर एका तालुक्यात, बाई दुसऱ्या जिल्ह्यात. नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, चांगली गोष्ट आहे. मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली डॉ. आंबेडकरांनी प्रसूतीच्या भत्त्याच्या विधेयकाची बाजू घेतली, तेव्हा प्रश्न गिरणीतल्या बायकांचा होता. फडावरच्या बाईपर्यंत ती रजा अजून आलेली नाही.

डॉक्टरसाहेब समोर बसले आहेत. त्यांच्या मनातलं मला ठाऊक आहे, कारण त्यांच्यासारख्यांबरोबरच मी जन्मभर काम केलं. दर महिन्याच्या 9 तारखेला मातृत्व अभियानाची तपासणी असते. साठ बायका आल्या तर प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे पाच तास. जमायचं कसं? तर प्रत्येक वेळी नको. पाचव्या महिन्यात एकदा, आठव्यात एकदा. आणि ते डॉक्टरांनीच करावं असंही नाही. गोव्यातच पुढे एक प्रयोग झाला. नैराश्य असलेल्या 280 गरोदर बायका घेतल्या, त्यांतल्या निम्म्या जणींच्या घरी ‘सखी’ जायच्या. सखी म्हणजे त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या, थोडं शिक्षण दिलेल्या साध्या बायका. बसायच्या, ऐकायच्या, नवऱ्यालाही बोलण्यात घ्यायच्या. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पाहिलं तर या बायकांपैकी जास्त जणी सावरलेल्या होत्या. फरक डोंगराएवढा नव्हता. पण त्याला यंत्र लागलं नाही, इमारत लागली नाही. आपल्या आशाताईंना हे शिकवता येईल, मात्र त्याचा मोबदला त्यांना मिळायला हवा. त्यांच्या डोक्यावर अजून एक वही ठेवून हे होणार नाही.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवेपुढे तेव्हा विहीर किंवा बाळाच्या नरड्याला नख, एवढेच दोन रस्ते होते. फुल्यांनी तिला सांगितलं, इथे येऊन गुपचूप बाळंत हो, आणि मूल न्यायचं की ठेवायचं ते तू ठरव. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, हे तुम्ही जाणताच. मला त्यातलं ‘तू ठरव’ हे मोठं वाटतं. पोटुशी बाईला तिच्या मनाचं विचारणारं घर आपल्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी उभं राहिलं होतं.

घंटा झाली, थांबते. पुरुष मंडळींना एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर येत्या 9 तारखेला तिच्याबरोबर दवाखान्यात जा. रांगेत उभे राहा, पिशवी धरा, पाण्याची बाटली भरून आणा. आणि सिस्टर म्हणाली, तुम्ही जरा बाहेर थांबा, तर बाहेर थांबा. ती म्हणाली नाही, तर तुम्ही स्वतः म्हणा, सिस्टर, मी बाहेर थांबतो, हिच्याशी बोला. घरी येताना काय बोललीस म्हणून विचारू नका. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.